गोवा मुक्त झाला तेव्हा तुमच्या घरातली माणसं कुठं होती? आणि तुमचा स्वतःचा असा दिवस कुठला?

फोंडेकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते आज विचारतोय.

माझी आई १९६१ साली सात वर्षांची होती. घर फोंड्याच्या जवळ, मागे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग. १८ डिसेंबरचा दिवस ती अजून अशी सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं कालच झालंय सगळं. सोमवार होता हेसुद्धा सांगते, मी कॅलेंडर काढून बघितलं तर खरंच सोमवार. सकाळी विमानांचा आवाज आला, मग लांब कुठंतरी धडाधड, आजीने सगळ्या पोरांना माजघरात घेतलं आणि दार लावून घेतलं. आजोबा बाहेर अंगणातच उभे, आजी आतून ओरडतेय 'भितर यो' आणि ते काही हलत नाहीत. लढाई म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं हो, पाखले, म्हणजे पोर्तुगीज, जाताना घरं जाळणार, पूल उडवणार, विहिरीत विष टाकणार, काय काय गावात पसरलं होतं. त्यातलं पूल उडवल्याचं तेवढं खरं निघालं.

आणि मग मिलिटरी आली. आई सांगते की सगळ्यांना वाटलं होतं हिंदी बोलतील, आणि दारात उभा राहिलेला जवान आजीला म्हणाला, "मावशी, पाणी मिळंल का?" आजी क्षणभर बघतच राहिली आणि तांब्या आणायच्या ऐवजी भरलेली कळशीच उचलून बाहेर घेऊन गेली. हे मी लहानपणापासून ऐकतोय, पुढे मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा समजलं की फोंड्याच्या वाटेने जी तुकडी आली ती ५० पॅरा ब्रिगेडची मराठा बटालियन. म्हणजे आईचं 'मराठी बोलणारी मिलिटरी' एकदम बरोबर.

आता विचारायचं ते असं. तेव्हा जे मोठे होते ते आता जवळजवळ कुणीच राहिले नाहीत, जे पोरं होते ते सत्तरी ओलांडून गेलेत. पुस्तकात सैन्य कुठून आलं, सही किती वाजता झाली हे सगळं मिळतं, पण त्या दिवशी घराघरात काय चाललं होतं ते कुठं मिळणार? तर तुमच्या घरातली आठवण असेल ती लिहा. आणि ज्यांच्याकडे १९६१ ची नाही त्यांनी आपल्या आयुष्यातला दुसरा असा दिवस सांगा, ज्या दिवशी आपण नेमके कुठं बसलो होतो, कुणी येऊन सांगितलं, सगळं डोळ्यासमोर राहिलंय. फक्त मोठी माहिती नको, तुम्ही कुठं होता ते हवं.

---

वास्कोची लेक

फोंडेकर दादा, विषय काढलात बरं केलंत. माझे बाबा तेव्हा बंदरात कामाला होते, वय पंचविशीच्या आतलं, राहायला सड्यावर. आमच्याकडे तर लढाई डोळ्यासमोरच झाली म्हणायची. सकाळी दाबोळीच्या विमानतळावर बॉम्ब पडले तेव्हा बाबा चहा पीत होते, घरातली भांडी फळीवरून खाली आली. दुपारी समुद्रात तोफा सुरू झाल्या. पोर्तुगिजांची आफोंसो द अल्बुकर्क ही युद्धनौका बंदरात होती, समोरून आपल्या बेतवा आणि बियास, आणि बाबा नि त्यांचे दोघे मित्र सड्याच्या कड्यावर पालथे पडून बघत होते. आजीला कळलं असतं तर तिने तिथंच जीव घेतला असता. धूर निघायला लागला, बोट दोनापावलाच्या बाजूला सरकत गेली आणि तिकडेच किनाऱ्याला लागली, मग बराच वेळ काहीच हललं नाही असं सांगायचे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. बाबा एक गोष्ट नेहमी सांगत, की त्याच रात्री त्यांनी दाबोळीवरून विमान उडाल्याचा आवाज ऐकला. घरात कुणीही ते मानलं नाही. काका म्हणायचे अरे धावपट्टीवर येवढे बॉम्ब टाकले, तिथून विमान कसं उडेल, तुला भास झाला असणार. बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की भास नव्हता. ते गेल्यावर काही वर्षांनी माझ्या मुलाने मला वाचून दाखवलं, की दाबोळीची धावपट्टी बॉम्बने खराब झालेली असतानाही रात्रीच्या अंधारात दोन प्रवासी विमानं तिथून निघाली आणि कराचीला पोचली. मी ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढी वर्षं त्या माणसाला सगळे हसत होते आणि तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी, १९ ला रात्री वास्कोतच गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हाने शरणागती पत्करली. पोर्तुगालचा पंतप्रधान सालाझार, त्याने याला शेवटपर्यंत लढा म्हणून सांगितलं होतं, पण व्हासालोने ते ऐकलं नाही, आणि माझ्या मते त्याचे उपकार मानायला हवेत, नाहीतर वास्कोचं काय झालं असतं कोण जाणे. बाबा मात्र तेव्हा झोपले होते! आदल्या रात्रीचा जागर होता ना. गावात आरडाओरडा झाला तेव्हा आजीने हलवून उठवलं.

---

दिवचलकार

१९६१ चं मला काही आठवत नाही, मी पाळण्यात होतो. पण १६ जानेवारी १९६७ म्हणा, जनमत कौलाचा दिवस, तो मात्र आठवतो, आणि मतदानापेक्षा निकाल जास्त आठवतो. तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं यावर गोव्यात मत घेतलं होतं, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहण्याला दोन पानं अशी निशाणी. भाऊसाहेब बांदोडकरांनी त्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडलं होतं.

आमचं एकत्र कुटुंब, दिवचलला, म्हणजे डिचोलीला. माझे बाबा मराठी शाळेत मास्तर, ते फुलाचे. धाकटे काका पणजीला नोकरीला, ते दोन पानांचे. दोघे सख्खे भाऊ, एका पंगतीला जेवणारे. घरात दोन पेपर यायचे, बाबांचा गोमन्तक आणि काकांचं राष्ट्रमत, आणि सोप्याच्या एका टोकाला एक नि दुसऱ्या टोकाला दुसरा असे वाचत बसायचे, मधे आम्ही पोरं. बाबा एखादं वाक्य मोठ्याने वाचायचे, मुद्दाम, की काका लगेच आपल्या पेपरातलं दुसरं मोठ्याने वाचणार. आई म्हणायची हे पेपर बंद करा, पोरांचा अभ्यास होत नाही. आम्हाला तर मजा वाटायची. आम्ही पोरांनी काव घेऊन बाहेरच्या भिंतीवर येवढं मोठं फूल काढलं होतं, दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच फुलाला खाली दोन पानं काढलेली. काकांनीच काढली असणार, पण ते कधी कबूल झाले नाहीत, आणि बाबांनीही ती पुसू दिली नाहीत हे मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं.

निकाल लागला तेव्हा मी शेजारच्या घरी होतो कारण रेडिओ त्यांच्याकडे. सोप्यावर माणसं मावत नव्हती, बरीचशी फुलाची, आमच्या भागात फुलाचाच जोर होता. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ चा फरक. हे आकडे अर्थात मी नंतर पाठ केले, तेव्हा फक्त येवढं कळलं की एकदम सगळे गप्प झाले आणि बाबा उठून घरी चालायला लागले. मी मागून धावलो. बाबांनी चप्पल घातली नव्हती, शेजाऱ्यांच्या पायरीवरच राहिली होती, ती मी हातात घेऊन त्यांच्या मागे. त्यांना मी हाक मारली नाही. का ते मला आज सांगता येणार नाही, पण मारवेना.

काका रात्री उशिरा पणजीहून आले. आम्हाला वाटलं होतं आता भांडण होणार. काका हातपाय धुऊन आले, बाबांच्या शेजारी पाटावर बसले, आजीने दोघांना एकाच तव्यातली भाकरी अर्धी अर्धी वाढली, आणि बाबा म्हणाले, "उद्या नारळ काढायला माणूस येणार आहे, तू आहेस ना घरी?" बस्स. त्या विषयावर दोघं पुढे कित्येक महिने बोललेच नाहीत, पण पेपर दोन्ही येत राहिले.

मी स्वतः पुढे कुठल्या मताचा झालो ते इथं लिहीत नाही, त्यावर इथं आधीच खूप वाद झालेत. ज्यांना तो वाद घालायचाय त्यांनी कृपा करून दुसरा धागा काढावा.

---

पर्वरी ते पणजी

माझा दिवस ५ जुलै १९८६, शनिवार. मांडवीचा पूल पडला तो.

मी तेव्हा पणजीत नोकरीला, राहायला पर्वरीला. बाबांना गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तेव्हा गोमेकॉ पणजीतच होतं, बांबोळीला नंतर गेलं. मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो आणि वॉर्डमधला एक माणूस आत येऊन म्हणाला, "पूल पडलो." मला आधी वाटलं कुठल्या तरी नाल्यावरची साकव पडली असेल, पावसाळाच होता. त्याने हाताने दाखवलं, मांडवीचो. सगळा वॉर्ड एकदम बोलायला लागला, आजारी माणसं उठून बसली, ज्यांची घरं नदीपलीकडे बार्देसात त्या सगळ्यांचा एकच प्रश्न, आता जायचं कसं. माझी बायको पलीकडे, लेक लहान, फोन कुणाकडे होता तेव्हा? मी उठून खिडकीपाशी गेलो, तिथून काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं तरी गेलो.

बाबा मात्र शांत. त्यांचं तरुणपण फेरीतच गेलेलं, पूल व्हायच्या आधी ते रोज बेतीहून पणजीला यायचे. मला म्हणाले, "आमी पयलीं अशेच वताले. फेरी आसा न्हय?" म्हणजे आम्ही पूर्वी असेच जायचो, फेरी आहे ना. आणि कूस बदलून झोपले.

सोमवारी सकाळी बेतीच्या धक्क्यावर जे बघितलं ते मी विसरणं शक्यच नाही. म्हापशाकडून येणाऱ्या सगळ्या बसेस माणसं आणून तिथं ओततायत, पाऊस कोसळतोय, छत्र्या एकमेकींत अडकल्यात, सरकारी कारकून, शाळेची पोरं, डोक्यावर माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे त्या उतारावर उभे, जुलैचं गढूळ पाणी जोरात वाहतंय आणि भरलेली फेरी तिरकी तिरकी होत पणजीच्या दिशेने चाललीय. माझ्या एका हातात बाबांचा जेवणाचा डबा, बायकोने पेज नि लोणचं दिलेलं, तो मी छातीशी धरून. गर्दीत एका अनोळखी बाईने विचारलं गोमेकॉत कोण आहे, मी सांगितलं बाबा, तर तिने पुढच्या लोकांना सांगितलं की याला आधी सोडा याचा पेशंट आहे, आणि लोकांनी खरंच वाट दिली. तिचा चेहरा मला आजही आठवतो आणि ती कोण, कुठली, काही माहीत नाही.

नवीन पूल १९९२ ला झाला, म्हणजे मधली वर्षं आमच्या अख्ख्या पिढीची फेरीत गेली. लग्नाच्या वराती फेरीतून, गणपती फेरीतून, बाळंतिणी फेरीतून. आता तर तिसराही पूल आहे, अटल सेतू, २०१९ चा, आणि माझा नातू त्यावरून जाताना मोबाईलमधून मान वर करत नाही. त्याला मी हे सगळं सांगितलंय, पण त्याला फेरीच्या त्या उतारावर उभं करून सांगायला हवं असं हे लिहिताना वाटलं.

---

मेंदूचा विद्यार्थी

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं त्या बाजूने. सगळ्यांच्या आठवणी वाचून अंगावर काटा आला हे आधीच सांगतो, म्हणजे कुणाला वाटू नये की मी खोट काढायला आलोय.

अशा आठवणींवर १९७७ साली ब्राउन आणि कुलिक या दोघांनी लिहिलं, त्यांनी त्यांना फ्लॅशबल्ब मेमरी म्हटलं. केनेडींच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा आपण कुठं होतो हे लोकांना बारीकसारीक आठवत होतं म्हणून. पुढे नायसर नावाच्या संशोधकाने फार सुंदर काम केलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, तर त्याने दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं ऐकली, कुणी सांगितली, काय करत होता. आणि अडीचेक वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची गोष्ट पार बदललेली होती, आणि त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला तरी नवीन आठवणच खरी वाटत होती. खुद्द नायसरला पर्ल हार्बरच्या हल्ल्याची बातमी बेसबॉलची मॅच रेडिओवर ऐकताना कळल्याचं वर्षानुवर्षं आठवत होतं, आणि मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की हल्ला ७ डिसेंबरचा, अन् डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत.

आमच्याच घरातलं उदाहरण देतो. माझे आजोबा सांगायचे की शरणागतीची बातमी त्यांनी एमिसोरा द गोवावर, म्हणजे इथल्या पोर्तुगीज रेडिओवर ऐकली. पण बांबोळीचं रेडिओ स्टेशन आपल्या विमानांनी १८ तारखेलाच उडवलं होतं. मग ऐकलं काय? माझा अंदाज असा, की ते आधीपासून चोरून 'सोडवणेचो आवाज' ऐकायचे, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून चालवलेलं ते गुप्त केंद्र. १९ डिसेंबरला ती दोघं विमानातून गोव्यावर फिरली आणि गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली. आजोबांनी बातमी कुठूनतरी ऐकली हे नक्की, रेडिओचं खोकं तेच, खोली तीच, घोंगडी पांघरून कान लावून बसणं तेच, फक्त केंद्राचं नाव त्यांच्या डोक्यात दुसरं बसलं. यात आजोबांना खोटं पाडण्यासारखं काही नाही. वास्कोच्या ताईंच्या बाबांचं बघा, तिथं घरचे चुकले नि बाबा बरोबर. म्हणून आठवण लिहून घ्यायची आणि मग ताडून बघायची, दोन्ही करायचं, एकावर थांबायचं नाही.

फोंडेकर, तुमच्या आईंना विचारायचं तर माझी एक विनंती. 'तेव्हा तुला काय वाटलं' असं विचारू नका, त्याला माणूस नेहमीचंच उत्तर देतो. घरात त्या दिवशी कोण कोण होतं, चुलीवर काय होतं, झोपायला कुठं घातलं, शाळा परत कधी सुरू झाली असं विचारा. आणि आईंना भावंडं असतील तर त्यांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, एकत्र बसले की सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते.

---

साखळीची मुलगी

मी इथं सगळ्यात लहान असेन बहुतेक, पण माझाही एक दिवस आहे. सगळे म्हणतील चांद्रयान ३, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. तो तर आहेच, ऑफिसमध्ये सगळ्यांनी मिळून बघितलं, टाळ्या वाजवल्या. पण मला त्याच्या आधीची २०१९ ची, चांद्रयान २ ची रात्र जास्त आठवते. चवथ होती, आमचा पाच दिवसांचा गणपती, ६ सप्टेंबरला संध्याकाळी विसर्जन झालं, नदीवरून ओल्या कपड्यांनी घरी आलो, सगळे दमलेले, वर फळांची माटोळी अजून तशीच बांधलेली आणि खाली चौरंग रिकामा. पपांनी टीव्ही लावला, म्हणाले आज चंद्रावर उतरणार, बघूनच झोपायचं. चुलत भावंडं सगळी त्याच खोलीत, नेवऱ्यांचा डबा मधे. दीड वाजून गेला, सगळं नीट चाललं होतं आणि मग पडद्यावरची ती रेषा थांबली. चंद्रापासून २.१ किलोमीटरवर संपर्क तुटला असं सांगितलं. माझा छोटा भाऊ म्हणाला आज बाप्पा घरी नाही ना म्हणून झालं असं. कुणी त्याला हसलं नाही, आईने त्याला जवळ घेतलं.

२०२३ ला यान उतरलं तेव्हा मी पुण्यात होते. त्याच छोट्या भावाने मला पहिला फोन केला.

---

मिरामार

भाऊसाहेब गेले तो १२ ऑगस्ट १९७३. मी चौथीत, शाळा त्यांनीच सुरू केलेली, आमच्या गावात त्याच्या आधी शाळा म्हणजे देवळातला पडवीवरचा वर्ग. आमच्या बाईंना बातमी कळली तेव्हा त्या शाळेच्या आवारातल्या तुळशीपाशी बसल्या होत्या आणि उठल्याच नाहीत, आम्हाला घरी जा म्हणून हातानेच सांगितलं. रविवार होता, पण आमच्या बाई शाळेच्याच खोलीत राहायच्या आणि आम्ही तिथंच खेळायला जायचो.

पुढे १७ मार्च २०१९, तोही रविवारच, पर्रीकर गेले. दुसऱ्या दिवशी कला अकादमीच्या बाहेरच्या रांगेत उन्हात उभी होते, पुढे एक म्हातारे गृहस्थ, काठी टेकून. मी त्यांना म्हटलं काका सावलीत बसा, मी तुमचा नंबर धरते. तर म्हणाले, "बाय, भाऊंच्या वेळी पण असाच उभा होतो." दोघांच्याही समाध्या मिरामारलाच आहेत, मी दर वर्षी दोन्हीकडे फुलं ठेवते.

---

फोंडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वास्कोची लेक, तुमच्या बाबांचं वाचून मी दोनदा थांबलो, ते आईलाही वाचून दाखवलं.

मेंदूचा विद्यार्थी सर, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री आईला विचारून बघितलं, चुलीवर काय होतं म्हणून. ती लगेच म्हणाली, उकडे तांदूळ शिजायला घातले होते आणि दार लावून घेण्याच्या गडबडीत ते करपले, आणि आजीने तेच करपलेलं सगळ्यांना वाढलं कारण दुसरं घालायला धीर नव्हता. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं! मग ती बोलतच राहिली. आजोबा अंगणात का उभे होते तेही निघालं, गोठ्यातली गाय व्यायला झाली होती, तिला सोडून ते आत कसे येणार. पाडसाचं नाव काय ठेवलं विचारलं तर म्हणाली नाव नाही आठवत, मावशीला विचार, तिचं ते लाडकं होतं.

मावशी मडगावला असते, आईपेक्षा तीन वर्षांनी मोठी. रविवारी तिच्याकडे जातोय, एकटाच, आईला न घेता. मोबाईलवर रेकॉर्ड करणार आहे. काय निघालं ते इथं टाकतो. दरम्यान ज्यांच्याकडे पेडणे, काणकोण, सत्तरीकडच्या आठवणी असतील त्यांनी लिहा, त्या बाजूचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. दीव-दमणचं कुणी असेल तर तेही हवं.